चोरखिसा

माझ्या बनियनला आतून चोरखिसा शिवायचा, असं मायने जाहीर केलं तेव्हा आमची पॅरिसची तिकिटं हातात येऊन आठवडा झाला होता. मायचं वय 82. अमळनेरच्या बाजारात कापूस विकून बाबा बंडीच्या चोरखिशातून पैसे घरी आणायचे आणि भिंतीकडे तोंड करून मोजायचे. जगभर पैसा असाच हिंडतो, अशी तिची समजूत आहे. "कोनले सांगू नको, कोनले दखाडू नको," ती सुईत दोरा ओवत म्हणाली.

मी म्हटलं, "माय, बँकेत 31 वर्षं कॅशियर होतो मी. नोटेला बोट लागलं की खरी-खोटी कळते मला."

मायने दाताने दोरा तोडला. "ते काचना आत बसीसन. बाहेर तुले कोन वळखस?"

टूर कंपनीबरोबर न जाता आपलं आपण जायचं, हे मुलाचं डोकं. तो पुण्याला असतो आणि पुण्यातूनच आम्हाला चालवतो. व्हिसासाठी मुंबईचा हेलपाटा झाला, माणशी 90 युरो फी भरली, 30 हजार युरोंचा विमा काढला. 2025 चा मे होता. जळगावात ऊन 44 अंशांवर, गल्लीभर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातलेले, आणि ऐन बिबड्यांच्या दिवसांत सून परदेशी निघाली म्हणून माय नाराज.

मग मुलाच्या सूचना सुरू झाल्या. पासपोर्टच्या झेरॉक्स दोन बॅगांत वेगवेगळ्या ठेवा. मेट्रोत दाराजवळ मोबाइल काढू नका, दार मिटता मिटता हिसकावतात आणि गाडी सुटते. हॉटेलातल्या टेबलावर फोन ठेवू नका. कागदावर सही मागायला मुली येतील, त्यातली एक मुकी असेल. सही करू नका, तुम्ही सही करता तेवढ्यात दुसरी खिसा बघते. काही झालं तर 112. मी सगळं डायरीत उतरवलं. डायरी कुठे ठेवायची हे त्याने सांगितलं नव्हतं, म्हणून तीही चोरखिशात गेली.

पॅरिसच्या मेट्रोत खिसेकापूंपासून सावध राहा, अशी घोषणा अधूनमधून होते, तीही चार-पाच भाषांत. मला एकदम बरं वाटलं. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभा असल्यासारखं. सॅक पोटावर घेतली, तान्हं पोर बांधल्यासारखी, आणि एक हात कायम छातीवर. समोरच्या बाईंनी उठून मला बसायला जागा दिली. त्यांना वाटलं, दुखतंय.

व्हर्सायचा राजवाडा बघायला जाताना सवयीने साखळी-कुलूपही घेतलं होतं. आमच्याकडे रात्रीच्या गाडीत बर्थखाली बॅगेला साखळी घातल्याशिवाय डोळा लागत नाही. इथे प्रवास जेमतेम पाऊण तासाचा आणि दिवसाउजेडी, पण हात कुठे ऐकतो? सीटच्या पायाला बॅग बांधली. राजवाड्याचं स्टेशन हे त्या फाट्याचं शेवटचं. सगळा डबा रिकामा झाला आणि आम्ही दोघं बॅगेसमोर उकिडवे. किल्ली चोरखिशात, डायरीच्याही खाली. मी शर्टाची बटणं काढतोय आणि झाडूवाला दारात उभा राहून बघतोय, असं आमचं व्हर्सायमध्ये आगमन झालं.

पण खरा प्रसंग मोंमार्त्रचा. टेकडीवर पांढरंशुभ्र साक्रे-कर चर्च आहे आणि वर जायला पायऱ्याच पायऱ्या. आम्ही खानदेशातले लोक चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे, देवाची पायरी दिसली की आपोआप नरम पडतो. चढणीच्या सुरुवातीलाच एक तरुण हसत पुढे आला. हातात रंगीत दोरे. "इंडिया? अमिताभ बच्चन!" म्हणाला आणि मनगटाकडे हात नेला.

ही फसवणूक मला तोंडपाठ होती. डायरीत पान तीन. पण हाताला डायरी वाचता येत नाही. कोणी दोरा घेऊन समोर आलं की काय करायचं हे त्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक. उजवा हात पुढे गेला, डावा डोक्यावर गेला, आणि मी डोळे मिटले.

त्या गड्याने आजवर हजारो मनगटं धरली असतील. लोक हात ओढतात, शिव्या देतात. डोक्यावर हात ठेवून स्वस्थ उभं राहिलेलं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. क्षणभर तोच बावरला. मग भराभर पीळ घालून त्याने अशी गाठ मारली की दाताने सुटू नये.

"ट्वेंटी युरो."

मी दक्षिणा म्हणून एक युरोचं नाणं पुढे केलं. ते नाणं बघून त्याचे दोन भाऊबंद जवळ आले. आता द्यायचे म्हणजे आधी पोटावरची सॅक उतरवायची, मग जॅकेटची चेन, मग शर्टाची वरची तीन बटणं, मग बनियनमध्ये काखेपर्यंत हात, आणि तिथे मायने वरून लावलेली सेफ्टी पिन. कोनले दखाडू नको म्हणून शिवलेला तो खिसा मी पॅरिसमधल्या सगळ्यांत गजबजलेल्या पायऱ्यांवर उघडला. एका जपानी आजोबांनी फोटो काढला. आत पन्नासच्या चार नोटा आणि विसाची एक. हाताला विसाची आधी लागली, एवढंच नशीब.

बायको दहा पायऱ्या वर उभी राहून सगळं बघत होती. "आरतीही उरकून घ्यायची ना," म्हणाली.

एटीएमचा किस्सा थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझीच लाज आहे. मशीनने विचारलं, रक्कम युरोत लावू की रुपयांत? परक्या मुलखात आपला रुपया दिसल्यावर ऊर भरून आला आणि मी रुपये दाबलं. रुपये दाबलं की दर ते मशीनवाले लावतात, त्यांच्या सोयीने. युरोच दाबायचं असतं. 200 युरोंमागे दीडेक हजार रुपये जास्त गेले. मुलगा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही बँकेतच होतात ना?"

आमच्या घराण्याची अब्रू राखली ती बायकोने. तिचं माहेर जळगावचं, सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर. सीन नदीच्या पुलावर समोरून येणारी एक बाई एकदम वाकली आणि तिने आमच्या पायाशी पडलेली अंगठी उचलली. जाडजूड, पुरुषी, पिवळीधमक. तुमची का? नाही म्हटल्यावर तिने ती आमच्या सौ.च्या हातात कोंबली, तुमचं नशीब अशी खूण केली, चार पावलं गेली आणि परत आली. भूक लागली आहे, काहीतरी द्या.

मी बायकोचा दंड ओढतोय. ती हलेना. तिने अंगठी तळहातावर दोनदा झेलली. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. आत हॉलमार्कचा त्रिकोण शोधला, तो सहा अक्षर-आकड्यांचा नंबर शोधला. ओढणीच्या टोकाने खसाखसा घासून नाकाशी नेली. (फ्रान्समध्ये 18 कॅरेटच्या सोन्यावर गरुडाच्या डोक्याचा ठसा असतो, हे मी नंतर वाचलं. तिला गरुडाची गरज पडली नाही.)

"पितळ," ती म्हणाली. मग त्या बाईला शुद्ध जळगावी मराठीत, "बाई, हिच्यात मजुरी सोडली तर काही नाही."

बाईने दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली. बायकोने एक बोट. बाईने पाच. बायकोने एकच. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यासाठी एवढी बोटं हलत नाहीत. शेवटी बाईच कंटाळली. बायकोने पर्सच्या वरच्या कप्प्यातून एक युरो काढून दिला. दोन सेकंद लागले.

दहा मिनिटांनी मागे बघतो तर तीच बाई दुसऱ्या एका जोडप्याच्या पायाशी वाकलेली.

"हिच्याकडे स्टॉक दिसतोय," बायको म्हणाली. "डझनाने मागायला हवी होती."

घरी आल्यावर मायने चोरखिसा उसवला, नोटा भिंतीकडे तोंड करून मोजल्या आणि म्हणाली, "दखाय? एक बी चोरी नही गई." मी विसाचा विषय काढला नाही.

परवा एरंडोलला लग्न होतं. बायको खरे दागिने घरी ठेवून एसटीने निघाली, बोटात पॅरिसची अंगठी. सैल होत होती म्हणून तिने मागच्या बाजूला माझ्या मनगटावरचा रंगीत दोरा कापून गुंडाळला होता. म्हणजे एकूण 21 युरोंचा दागिना. मांडवात जाऊबाईंनी तिचा हात धरला. केवढ्याला घेतली?

"पॅरिसची आहे," बायको म्हणाली.

"पॅरिसची!" जाऊबाईंचे डोळे मोठे झाले. "काढा बरं, वजन बघू."

बायकोने हात सावकाश मागे घेतला. "राहू द्या हो. दोरा सुटेल."