मस्कतच्या बैठका आणि आपली प्रतिक्रिया

महोदय,

अमेरिका आणि इराण यांच्यातील ओमानच्या गुप्त मध्यस्थीवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, असे छोटे देश केवळ मोठ्यांचे निरोपे असतात, नॉर्वेला तर छोटा म्हणताच येत नाही, त्याने १९९३ मध्ये घडवून आणलेला इस्रायल-पॅलेस्टिनी ओस्लो करार शेवटी फसलाच, लोकशाहीला गुप्तपणा शोभत नाही, आणि ‘खेड्यात बसून आखाताचे राजकारण शिकवू नये’. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु शेवटचे वाक्य हा मुद्दा नसून हिणवणे आहे. नकाशा उघडलात तर ओमानची राजधानी मस्कत आपल्या नागपूरपेक्षा आमच्या यवतमाळ जिल्ह्यालाच जवळ असल्याचे दिसेल.

नॉर्वे क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठा आहे, एवढी दुरुस्ती स्वीकारतो. त्या वेळी त्याची लोकसंख्या अर्धा कोटीही नव्हती आणि मला तेच अभिप्रेत होते.

आता निरोप्याविषयी. २००९ मध्ये इराणने पकडलेल्या तीन अमेरिकी पदयात्रींच्या सुटकेसाठी ओमानने पुढाकार घेतला, जामिनाच्या रकमेची व्यवस्था केली आणि २०११ पर्यंत तिघेही सुटले. या व्यवहारातून जो विश्वास जमला, त्याच्या बळावर २०१२ मध्ये मस्कतला इराणच्या अणुप्रश्नाची पहिली चाचपणी झाली, मार्च २०१३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपपरराष्ट्रमंत्री विल्यम बर्न्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी अधिकारी तेथेच इराण्यांसमोर बसले, ऑगस्टमध्ये ओमानचे सुलतान काबूस स्वतः तेहरानला गेले, आणि २४ नोव्हेंबरला जिनिव्हात इराणशी अंतरिम अणुकरार झाला तेव्हा कुठे या बैठकांचा गवगवा झाला. निरोप्या पक्षकारांच्या जामिनाची सोय करीत नाही. शिवाय ओमानचे मुसंदम हे टोक होर्मुझच्या सामुद्रधुनीवरच आहे. तेथे भडका उडाला तर झळ त्यालाच लागणार, म्हणून ही खटपट परक्याच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या गरजेपोटी होती. इजिप्तने १९७९ मध्ये इस्रायलशी तह केल्यावर बहुतेक अरब देशांनी त्याच्याशी संबंध तोडले, तेव्हाही ओमानने ते राखलेच होते.

मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष होतो. धुऱ्यावरून भांडणारे सख्खे भाऊ चावडीवर, आपापल्या माणसांदेखत, वीतभर जमीन सोडत नसत. तेच तिसऱ्याच्या वावरात गुपचूप बसवले की बोलू लागत. दोन रुसलेल्या कास्तकारांना ज्याने आयुष्यात कधी एका बाजेवर बसवले नाही, त्याला मध्यस्थ आणि निरोप्या सारखेच वाटावेत, याचे मला नवल वाटत नाही.

ओस्लोबाबत इतकेच की, करार पुढे न टिकणे आणि तो घडवणारी वाट निरुपयोगी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लोकशाहीचा आक्षेप आपण एका ओळीत उरकला आहे, तेव्हा मीही तो लांबवत नाही.

आपल्या पुढील प्रतिक्रियेचे स्वागतच होईल. तत्पूर्वी मूळ लेख पूर्ण वाचावा, ही विनंती. मुसंदमचा उल्लेख त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात होता.