जाम कॅलिपर फेकून देण्याआधी: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

पाऊस ओसरला की ठाणे-नवी मुंबईतल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) एकदा जाम झाला की तो संपला, असं त्यात ठामपणे लिहिलेलं असतं. सील किट म्हणजे आतल्या रबरी रिंगांचा संच टाकून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा जाम होतो, तेव्हा सरळ नवी असेंब्ली, म्हणजे अख्खा कॅलिपरच टाका. आत्ता तेवढे पैसे नसतील तर तोवर कॅलिपरमधल्या, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनवर गंज काढायचा स्प्रे मारा, रॉकेलने धुवा, पॉलिश पेपरने घासा आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीत सगळ्यात वरचं म्हणजे डॉट ५ ऑइल भरा. या मेसेजचा पहिला भाग लोकांचे पैसे घालवतो आणि दुसरा जीव धोक्यात घालतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय. घोडबंदर रोडवर दिवसभर डिलिव्हरी करणारा किंवा कळव्याहून रबाळ्याला ड्युटीवर जाणारा माणूस असा मेसेज वाचून एक तर उसनवारी करतो, नाहीतर तो स्प्रे मारून मोकळा होतो. दोन्हीची गरज नाही.

"जाम म्हणजे कॅलिपर गेला." आधी दोष कॅलिपरचा आहे का, हे तरी बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक जमिनीवरून उचला, लिव्हर दाबून सोडा. चाक अडकून राहिलं तर कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या बारीक तोटीला) नळी लावा आणि निपल किंचित सैल करा. ऑइल जोरात आलं आणि चाक सुटलं, तर दाब वरच अडकलाय. लिव्हरजवळच्या, दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परतायचं बारीक छिद्र तुंबलंय किंवा तिथून कॅलिपरकडे ऑइल नेणारा होज पाइप आतून फुगलाय. अशा वेळी नवा कॅलिपर लावलात तरी तोही तसाच जाम होणार. निपल सैल करूनही चाक अडकलेलंच राहिलं, तर मात्र खराबी खाली, कॅलिपरपाशी आहे.

खाली म्हणजे पिस्टनच असंही नाही. आपल्या बहुतेक रोजच्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर आडवा सरकतो. पिनांवरचं रबर फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस धुपतं, पिन गंजते आणि कॅलिपर सरकायचा थांबतो. दोन्ही पॅड काढून शेजारी ठेवा. एक पुरता झिजलेला आणि दुसरा बऱ्यापैकी शाबूत असेल तर आधी पिनांवर संशय घ्या. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं, फाटलेली रबरं बदलायची. कितीतरी "जाम" कॅलिपर एवढ्यावरच चालू होतात.

"सील किट टाकला तरी पुन्हा जाम होतो." हे अनेकांच्या बाबतीत खरंच घडलेलं आहे, त्यामुळे ते उडवून लावता येत नाही. पण ते का घडतं, हे मेसेज सांगत नाही.

कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती दोन रिंगा असतात. आतली चौकोनी छेदाची रिंग ऑइल अडवते आणि बाहेरची धूळ-पाणी. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे जातो आणि आतली रिंग त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. लिव्हर सोडली की तीच रिंग सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे खेचायला स्प्रिंग नसते, हे काम त्या रबराचंच. रबर कडक झालं की पिस्टन मागे येत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो. कुकरची रिंग कडक झाली म्हणून कोणी कुकर भंगारात देत नाही, रिंग बदलतो. इथेही तसंच.

मग नवी रिंग टाकूनही ब्रेक का धरतो? कारण रिंग ज्या खाचेत बसते ती खाच कोणी साफ केलेली नसते. कॅलिपर ॲल्युमिनियमचा. पावसाचं पाणी आणि खाडीकडची खारी हवा बाहेरच्या रिंगेमागे शिरते आणि तिथे पांढरी, घट्ट पूड साचते. ही पूड रिंगेला मागून ढकलते, रिंग पिस्टनला आवळते. जुनी रिंग काढून त्याच पुडीवर नवी बसवली की नवीही आवळली जाणार. पाम बीच मार्गालगत नेरूळ-बेलापूरकडे किंवा ठाण्यात कोपरीच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास ठरलेला. गर्दीच्या गॅरेजमध्ये खाचेवर अर्धा तास घालवायला कोणाला सवड नसते, त्यांना दोष तरी काय द्यायचा. पण रिपेअर टिकणार की नाही, ते त्या अर्ध्या तासातच ठरतं.

ते करायचं असं. होज पाइप सोडण्याआधीच पॅड काढून लिव्हर हळूहळू दाबत पिस्टन बाहेर आणा. दोन पिस्टन असतील तर एक आधी बाहेर निसटू नये म्हणून लाकडाचा तुकडा मध्ये धरा. कंप्रेसरच्या हवेने पिस्टन उडवण्याची पद्धत सर्रास दिसते, त्यात बोट सापडलं तर चिरडतं. रिंगा लाकडी टूथपिकने काढा. खाच खरवडायला टोकाशी वाकवलेली पितळी तार आणि जुना ब्रश घ्या, पोलादी टोचा नको, कारण खाचेवर ओरखडा पडला की तिथून ऑइल पाझरतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडं करा. नवी रिंग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा आणि पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी दाबा. तो अंगठ्यांच्या जोरावर आत जायला हवा. शिकंजा लावावा लागत असेल तर खाच अजून साफ झालेली नाही किंवा रिंग त्या कॅलिपरची नाही.

"तोवर स्प्रे मारा, रॉकेलने धुवा." मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला हाच. ब्रेकची रबरं डॉट ३, डॉट ४ अशा ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेली असतात. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, गंज सोडवणारे स्प्रे, ही सगळी पेट्रोलियमची मंडळी. ती लागली की हे रबर फुगतं, मऊ पडतं. पहिल्या दिवशी पिस्टन मोकळा वाटतो आणि काही दिवसांनी आधीपेक्षा घट्ट बसतो. शिवाय स्प्रे उडून डिस्कवर आणि पॅडवर गेला की ब्रेक लागतच नाही.

"पिस्टन पॉलिश पेपरने घासा." पोलादी पिस्टनवर क्रोमचा पातळ थर असतो, घासला की तो जातो आणि पुढच्या पावसात तिथे गंज धरतो. नख फिरवून बघा. आतल्या रिंगेतून जाणाऱ्या भागावर खड्डा लागला तर पिस्टन बदला. पॅडकडच्या टोकाला नुसता डाग असेल तर चालतो.

"डॉट ५ सगळ्यात भारी." डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत तर नकोच. डॉट ५.१ वेगळं. ते ग्लायकॉलचं आहे आणि डॉट ४ मध्ये मिसळतं. बाटलीच्या झाकणावर जो आकडा छापलाय तेच ऑइल भरा. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पॅड घासत असलेल्या कॅलिपरने माळशेज उतरताना ही मर्यादा गाठली, तर ऑइलची वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकते, गाडी मात्र थांबत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवून देऊ नका. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, ते पाळा.

खर्चाचं सरळ गणित असं की सील किट काही शे रुपयांत येतो, नवी असेंब्ली काही हजारांत. पिस्टन बदलावा लागला तरी बहुतेक गाड्यांना फरक मोठाच राहतो. वाचलेल्या पैशांतून चांगल्या कंपनीचा किट, ऑइलचा सीलबंद डबा आणि बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा बोल्ट) नवे वॉशर घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा आणखी कुठे किट घेताना जुनी रिंग सोबत न्या आणि जाडी जुळवून बघा.

काही कॅलिपर मात्र खरंच बदलावे लागतात. बॉडीला तडा गेलाय, निपलचे किंवा होजचे आटे गेलेत, खाचेची कडाच गंजाने खाल्लीय, तर हजारो रुपये गेले तरी नवाच घ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीचाही कॅलिपर याच पद्धतीने उघडता येतो, फक्त बाटली कधी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेकदा सर्व्हिस सेंटरचं मशीनच लागतं. आणि हे काम याआधी कधीच केलं नसेल, तर पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवून करा.

जोडणी झाली की हवा काढा, लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, मगच गाडी सोसायटीच्या आवारात सावकाश फिरवा. थोडं अंतर ब्रेक न लावता चालवून डिस्कजवळ हात धरून बघा, धग लागायला नको. लिव्हर रबर बँडने बांधून गाडी रात्रभर ठेवा आणि सकाळी निपलपाशी, बोल्टपाशी, पिस्टनभोवती कोरडं फडकं फिरवा. ओल दिसली तर गाडी रस्त्यावर काढू नका, पुन्हा उघडा.