पोह्यांच्या डब्यामागची मॉर्फिन

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने काकांच्या तीव्र वेदनांवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या पोह्यांच्या डब्यामागे दडवल्या आणि हाडांत कॅन्सर पसरलेल्या त्या माणसाला दोन रात्री नुसत्या पॅरासिटामॉलवर काढाव्या लागल्या. कारण होते व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर: ‘पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी सोडून दिलेला पेशंट. मॉर्फिन सुरू केले की आठवड्यात कारभार आटोपतो. वाचलाच तर व्यसन लागते. सगळा पैसे उकळण्याचा धंदा.’ पॅलिएटिव्ह केअर म्हणजे खरे तर गंभीर आजारातल्या वेदना आणि इतर त्रास कमी करणारी शुश्रूषा. मजकूर लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नाही. पुढे पाठवण्याची विनंती मात्र आहे.

सर्वांत घातक मुद्दा मॉर्फिनचा. तोंडाने घ्यायची साधी गोळी लहान मात्रेपासून, साधारणपणे दर चार तासांनी देतात आणि वेदना आटोक्यात येईपर्यंत मात्रा बेताबेताने वाढवतात. अशा रीतीने दिलेली मॉर्फिन माणसाला मारत नाही. मात्रा एकदम वाढवली, किंवा मूत्रपिंडे थकलेली असताना ती कमी केली नाही, तर श्वास मंदावू शकतो, एवढे मान्य करावेच लागेल. पण त्याआधी बहुधा गुंगी वाढते, आणि ती वेळीच कळावी म्हणून तर डॉक्टरांनी मावशीला गोळीची वेळ, दुखण्याची तीव्रता आणि झोप यांची वही ठेवायला सांगितली होती. रोजचा खरा त्रास बद्धकोष्ठाचा असतो आणि त्यासाठी सोबत रेचक द्यावे लागते. एवढ्या लांबलचक इशाऱ्यात त्याचा उल्लेखही नसावा, यावरून लिहिणाऱ्याने असा रुग्ण किती जवळून पाहिला असेल ते कळते. व्यसनाचे म्हणाल, तर शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी थांबवत नाहीत. व्यसन, म्हणजे दुखणे नसतानाही औषधाची अनावर ओढ, ही वेगळी गोष्ट आहे.

‘सोडून दिलेला पेशंट’ या शब्दांना २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास पुरेसा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. कॅन्सरवरचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअरची जोड होती. त्या गटाचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी आढळले, आणि शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही त्यांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने भरले. दुसऱ्या गटाचे ८.९. अभ्यास एका रुग्णालयातला आणि एकाच रोगाचा आहे, पण ‘आठवड्यात’ म्हणणाऱ्याकडे तेवढेही नाही. हा समज पसरतो कसा, हे मात्र मला समजते: आपल्याकडे बरेच रुग्ण पॅलिएटिव्ह केअरच्या विभागात इतक्या उशिरा पोचतात की गोळी आणि मृत्यू शेजारीशेजारी दिसतात, आणि दोष गोळीच्या माथी बसतो.

उरला धंदा. तोंडाने घ्यायची मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. आणि वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. अडचण पैशांपेक्षा औषध मिळण्याची होती: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे परवान्यांचे एवढे जंजाळ झाले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले, आणि ते सोपे करण्यासाठी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. तरीही औषधांच्या कित्येक दुकानांत ती मिळत नाही. काकांच्या गोळ्यांची पट्टी आणायला मावसभाऊ दोन तासांचा प्रवास करून गेला होता.