किती पळतंय ते सोडा, किती हळू चालते ते विचारा

नवी मोटारसायकल घेऊन तीन आठवडे झाले. दसरा चौकात सिग्नलला, पेट्रोल पंपावर, रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी, जिथं थांबेन तिथं कुणीतरी जवळ येतं. उंच सीटकडं, मोठ्या पुढच्या चाकाकडं, चोचीसारख्या मडगार्डकडं बघतं आणि विचारतं, "भावा, किती सीसी? किती पळतंय?"

कोल्हापूरचा गाडीचा नाद मी ओळखून आहे, त्याच नादात वाढलोय. उद्यमनगरात इंजिनचा नुसता आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते सांगणारे मिस्त्री मी लहानपणापासून बघतोय. तरीही मनापासून सांगतो, पळण्याचा प्रश्न या गाडीला विचारू नका.

गाडी हिरोची एक्सपल्स २१०. इंजिन लिक्विड कूल्ड, ताकद २४.६ पीएस, सहा गिअर. पुढं २१ इंची चाक, मागं १८ इंची, दोन्ही स्पोकची. वजन १७० किलोच्या आसपास. सीटची उंची ८३० मिलिमीटर, त्यामुळं माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, टाचा वरच राहतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सस्पेन्शन. पुढचं २१० आणि मागचं २०५ मिलिमीटर दबतं. रोजच्या वापरातल्या साध्या गाडीच्या जवळपास दुप्पट. हा आकडा शोरूममध्ये कुणी विचारत नाही, पण चिखलात गेल्यावर तोच एक आकडा कामाला येतो.

पहिल्या दिवशी जोतिबाला नेली. नारळ फोडला, गुलाल लागला, चांगभलं झालं. वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाच्या डोंगराचा चढ तिनं सहज काढला. हायवेवर कागलपर्यंत जाऊन आलो. ताठ बसायची गाडी असल्यामुळं वारा छातीवर येतो, पण ऐंशीला निवांत चालते. डांबरी रस्त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही, कारण मी ती डांबरासाठी घेतलेली नाही.

घेतली ती पाणंदीसाठी, शेताकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेसाठी.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. घरापासून शेतापर्यंत दीड किलोमीटर पाणंद आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या तिच्यावरनं जातात आणि गुडघाभर चाकोऱ्या पाडून ठेवतात. मग पाऊस त्या भरून टाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये वर नुसतं पाणी दिसतं, खाली दगड आहे की खड्डा ते कळत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, त्याची पाती तोंडावर येतात. आबांनी याच पाणंदीतनं वीस वर्षं राजदूतवर दुधाच्या किटल्या नेल्या. पहाटे पाचला, पावसाळ्यातसुद्धा, एक दिवस न चुकता. लहानपणी मी टाकीवर बसून जायचो. त्यांचे हात माझ्या दोन्ही बाजूंनी हँडलवर असायचे आणि किटल्यांचा आवाज मागनं यायचा.

पहिल्याच रविवारी मी नवी गाडी तिथं घातली. बूट, गुडघ्याचे पॅड, हेल्मेट, सगळी तयारी होती. पन्नास मीटरवर पुढचं चाक चाकोरीच्या कडेला लागून घसरलं आणि गाडी डाव्या अंगावर झोपली. मला काही झालं नाही, पण चिखलात झोपलेली १७० किलोची गाडी एकट्यानं उचलणं ही वेगळीच विद्या आहे. कंबर वाकवून ओढलीत तर कंबर जाते. सीटला पाठ टेकायची, हँडल वळवून एक हात त्यावर आणि एक हात मागच्या ग्रॅबरेलला, आणि पायांच्या जोरावर मागं मागं सरकत उभी करायची. दुसऱ्या प्रयत्नात जमलं.

चूक माझीच होती. मी बसून गाडी मारत होतो आणि डोळे पुढच्या चाकावर होते.

आबा बांधावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "चाकाकडं काय बघतोस? आंब्याकडं बघ." पाणंद वळते तिथं एक आंबा आहे. ऑफरोड शिकवणारेही पहिल्या दिवशी हेच सांगतात की नजर जाईल तिकडं गाडी जाते. आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मागं भरलेल्या दोन किटल्या असताना पडलं तर त्या दिवसाचं दूध जातं, एवढं शिक्षण पुरेसं होतं.

मग मी उभा राहिलो. फूटरेस्टवर दोन्ही पाय, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपरं बाहेर, हात सैल. आणि तिथं या गाडीनं मला खरी ओळख दिली. माणूस सीटवर बसलेला असला की खालचा प्रत्येक धक्का पाठीत येतो आणि गाडी आपल्याशी भांडते. उभं राहिलं की ती पायाखाली स्वतंत्र हलते. पुढचं चाक दगडावर चढतं, उतरतं, बाजूला सरकतं, पुन्हा स्वतःच सरळ होतं. हँडल घट्ट धरायचं नाही, हे समजायला मला तीन रविवार लागले. मोठं चाक का देतात तेही तिथंच कळलं. लहान चाक खड्ड्यात पडतं, २१ इंची चाक त्याच खड्ड्याच्या कडेवरनं गडगडत जातं.

पहिला गिअर, क्लचवर दोन बोटं, अर्धा सोडलेला, रेस एकसारखी. स्पीडोमीटरवर सहा-सात. माणूस चालतो त्या वेगानं दीड किलोमीटर. एकदाही पाय न टेकता. हे ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मला जो आनंद झाला तो हायवेवर शंभर गाठून कधी झाला नव्हता. घामानं शर्ट भिजला होता, मांड्या थरथरत होत्या, रेडिएटरचा पंखा घरघरत होता आणि मी आंब्याखाली उभा राहून एकटाच हसत होतो.

एबीएसचंही सांगतो, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, कारण यावर मित्रांशी वाद झाला. रस्त्यावर एबीएस जीव वाचवतं, ते बंद करायचा विचारही करू नका. पण ओल्या मातीच्या उतारावर चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं, आणि गाडी खाली जातच राहते. मागचं चाक लॉक झालं तर त्याच्यापुढं माती साठते आणि गाडी थांबते. म्हणून मातीत एबीएसचा मोड बदलायचा, म्हणजे मागचं चाक लॉक होऊ शकतं. आणि डांबरावर आल्याबरोबर परत पहिल्यासारखा करायचा, ही सवय हाताला लागलीच पाहिजे.

टायरमधली हवा मी थोडी कमी करतो, त्यानं पकड वाढते. पण आत ट्यूब आहे. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि पंक्चर ठरलेलं. छोटा पंप सोबत असतोच.

आता जे मनात खदखदतंय ते. गाडी घेतल्यापासून पळण्यानंतरचा दुसरा प्रश्न, "मसाई पठार कधी?" व्हिडिओत असतं तसं पन्हाळ्याजवळच्या या पठारावर गवतावरनं गाडी फिरवायची, मागनं माती उडवायची. मी हे करणार नाही, आणि माझ्यासोबत येणाऱ्यालाही करू देणार नाही. पठार म्हणजे जांभा खडक आणि त्यावर काही बोटं माती. पावसाळ्यात त्या ओल्या मातीत सीतेची आसवं फुलतात, बोटभर उंचीची, किडे खाऊन जगणारी झाडं. ढोबळ खाचांचा टायर तिथं एकदा फिरला की चाकोरी पडते, चाकोरीतनं पाणी वाहतं, आणि पाण्याबरोबर ती माती कायमची जाते. खडकावर नवी माती आपल्या हयातीत तयार होत नाही. पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे ते उगाच नाही. आणि १६६० च्या जुलैमध्ये महाराज पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं निघाले ते याच पठारावरनं, भर पावसात, रात्रीत. त्या जमिनीवर आपण गोल गोल गाडी फिरवून खुणा ठेवायच्या? मळलेली वाट आहे, तिनं हळू जा, गाडी लावा, पुढं चाला.

चिखलच पाहिजे असेल तर पाणंदी काय कमी आहेत? करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, कुठल्याही गावात विचारा. शेतकऱ्याला हात करा, समोरनं बैलगाडी आली तर इंजिन बंद करून कडेला थांबा, कुणाच्या उसात चाक घालू नका. ज्या रस्त्याला ट्रॅक्टर रोज तुडवतो त्याला आपल्या गाडीनं काही होत नाही.

परवा आबा म्हणाले, "दे बघू." वय एकाहत्तर. मी किल्ली दिली आणि मागं पळत निघालो. पहिल्या दहा मीटरात त्यांनी क्लचचा अंदाज घेतला आणि मग ते उभे राहिले. मी काही न सांगता. धोतर वर खोचलेलं, नजर आंब्यावर, गाडी एका लयीत चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरनं. एकदा मागचं चाक सरकलं तेव्हा हात हललेसुद्धा नाहीत. आंब्यापाशी वळवून परत आणली, स्टँडला लावली, काडीनं चेनवरचा चिखल काढत बसले.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मागच्या बाजूला हात फिरवून म्हणाले, "हिला किटल्यांसाठी कॅरिअर मिळतं का रे?"

उद्यमनगरात मापं देऊन आलोय. शनिवारी तयार होईल.