आत्ताच्या पोलवरून निकाल लावू नका
लेखात म्हटलंय की आत्ता पोलमध्ये (मतदानाआधीच्या जनमत चाचण्यांमध्ये) जो पुढे आहे तोच अमेरिकेत पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मारणार, मला हे अजिबात पटलं नाही. 2007 आठवा ना, जवळपास वर्षभर नॅशनल पोलमध्ये रिपब्लिकनांचे जुलियानी आणि डेमोक्रॅट्सच्या हिलरी क्लिंटन पुढे, सगळे धरूनच चालले होते की हेच दोघं भिडणार, आणि झालं काय तर 3 जानेवारी 2008 ला आयोवा राज्यात डेमोक्रॅट्सच्या उमेदवार निवडायच्या मतदानात ओबामा पहिले, हिलरी चक्क तिसऱ्या, आणि जुलियानींनी सगळी भिस्त फ्लोरिडा राज्यावर ठेवली तर तिथेही तिसरेच, लगेच माघार. रिपब्लिकनांची उमेदवारी मिळाली मॅकेनना, ज्यांच्या प्रचाराकडचे पैसे 2007 च्या उन्हाळ्यात जवळपास संपले होते!

आणि आयोवात तेव्हा डेमोक्रॅट्सचं मतदान म्हणजे लोक शाळेच्या हॉलमध्ये जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे, गट साधारण 15 टक्क्यांच्या खाली गेला की दुसऱ्याकडे जायचं, म्हणजे दुसरी पसंतीही तितकीच महत्त्वाची, ती या पोलमध्ये दिसते कुठे? इतक्या लवकर लोक फक्त ओळखीचं नाव सांगतात हो. निदान 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे किती, तेवढं तरी छापत जा, प्लीज.