कडक भाकरी आणि मावशींचा तवा

सहा वर्षं झाली, मी गहू खाल्लेला नाही. वजनासाठी नाही, हौसेनं तर अजिबात नाही. हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना, लोहाच्या गोळ्या गिळून कंटाळले, शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली. मग दुर्बीण, बायॉप्सी आणि निकाल: सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न चालणारा आजार. गहू आणि जव आयुष्यभर बंद.

पोळीचं दुःख दोन महिन्यांत ओसरलं. आपल्याकडे भात आहे, भाकरी आहे, घावन आहेत, उपासाचे निम्मे पदार्थ चालतात. (सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुला रोजच एकादशी.") ओसरलं नाही ते संध्याकाळी पाचचं दुःख. चहासोबत दाताखाली कुर्रकन मोडणारं काहीतरी हवं असतं हो माणसाला! खारी, टोस्ट, खाकरा, शंकरपाळे, नानकटाई... एकेकाचं नाव घ्या आणि मागे गहू किंवा मैदा उभा.

मग बाजार धुंडाळला. परदेशी क्रॅकर्स आणले, अडीचशे रुपयांत मूठभर. तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, पाम तेल, डिंक. तोंडात टाकले की आधी पुठ्ठा, मग भुगा. देशी 'ज्वारी क्रॅकर्स' आणले. पाकिटावर ज्वारीचं भलंमोठं कणीस, आणि मागे बारीक अक्षरात पहिला घटक गव्हाचं पीठ. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, माल त्याचा. कणीस नुसतं फोटोपुरतं.

स्वीडनला असलेल्या भाचीनं मोठ्या प्रेमानं तिथली ती प्रसिद्ध कडक रोटी आणली, क्नेकेब्रोड. पूर्वी म्हणे मधोमध भोक पाडून दांडीला ओवून टांगून ठेवायचे. दिसायला इतकी देखणी! पण ती राय या धान्याची, आणि रायमध्येही ग्लुटेन असतं. घरच्यांनी माझ्यासमोर बसून खाल्ली. आवाज ऐकला मी.

आणि मग सोलापूरच्या एका लग्नात पंगतीत पानावर कडक भाकरी आली. पापडासारखी पातळ, हातात धरली की तडकन तुटणारी, वर शेंगांची चटणी आणि दही. मी म्हटलं, अगं बाई, मी जगभर काय शोधत होते? लहानपणापासून खाल्लेली वस्तू, पण 'क्रॅकर' शब्दाच्या नादात डोळ्यासमोरच आली नव्हती. तिकडे ही भाकरी कितीतरी दिवस टिकते, प्रवासात नेतात, आमटीत कुस्करून खातात. सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गीकडेही हीच.

ही चांगली का लागते, याचा मी बराच विचार केलाय. ग्लुटेन पिठाला धरून ठेवतं, ते नसलं की पीठ विस्कटतं. कारखानेवाले त्याजागी डिंक घालतात. आपल्या बायका आधणाचं पाणी घालतात. गरम पाण्यानं ज्वारीतला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. डिंक नाही, तेल नाही, चव फक्त ज्वारीची. तीही मालदांडी जातीची असेल तर गोडसर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते काही उगीच नाही.

घरी करून पाहायची असेल तर पीठ बारीक आणि ताजं घ्या, उकड मऊ मळा, जमेल तितकी पातळ थापा. नेहमीसारखी भाजून झाली की गॅस अगदी मंद करून तव्यावरच ठेवा आणि फडक्याच्या बोळ्यानं कडा दाबत राहा, ओल पूर्ण जाईपर्यंत. माझ्या पहिल्या दहा भाकऱ्यांचे नकाशे झाले. तरी त्या पुठ्ठ्यापेक्षा छान लागल्या.

म्हणजे चवीचा प्रश्न सुटला. खरी गोष्ट इथून पुढे.

लग्नानंतर मी तिथल्या कडक भाकरी करणाऱ्या एका मावशींना फोन लावला.
"मावशी, भाकरी थापताना पीठ कुठलं लावता?"
"ज्वारीचंच की ओ. गव्हाचं कशाला लावू?"
"आणि चपात्या करता का?"
"करतो की. डबे असतात आमचे."
"तवा तोच?"
"तवा तोच की! तव्याला काय कळतंय?"

तव्याला कळत नाही, माझ्या आतड्याला कळतं. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. चपातीच्या परातीला चिकटलेलं पीठ तेवढ्याला सहज पुरतं. गिरणीत तर विचारूच नका. आपल्याकडे "ज्वारीवर ज्वारी टाका" म्हणायची पद्धत आहे, पण ती चवीसाठी. त्या ज्वारीआधी काय दळलं होतं? गहूच. मी शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू टाकणाऱ्याशी बोलणं बंद करण्याची धमकी दिली.

याहून जास्त संताप येतो तो खपलीवाल्यांचा. खपली गहू 'ग्लुटेन-फ्री' म्हणून विकणारे मला दर प्रदर्शनात भेटतात. अहो, खपली हा गहूच आहे! पचायला हलका वाटत असेल तुम्हाला, ग्लुटेन आहे त्यात. डबीतल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. हे माहीत नसणं गुन्हा नाही. माहीत नसताना पाकिटावर छापणं मात्र आहे, माझ्या मते तरी.

मावशींचं मात्र कौतुक. मी आजार समजावून सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या जावेच्या पोराला असंच काय तरी हाय." आता महिन्यातून एकदा सोमवारी पहाटे, चपात्यांच्या आधी, माझ्या पन्नास भाकऱ्या होतात. परात वेगळी, तवा नवा, तो मीच पाठवला. पीठही माझ्या घरघंटीचं, एसटीनं जातं. पार्सल येतं त्यावर पेनानं लिहिलेलं असतं, 'गव्हाच्या आदी'.

पुण्यात असं फक्त ज्वारी-बाजरीचंच काम करणारं, गव्हाची पिशवीसुद्धा घरात न आणणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. खानदेशातले ज्वारीचे बिबडे करणाऱ्या असतील तर आधी सांगा. "आमची आजी सगळं खायची, तिला काही झालं नाही" हे सांगायचं असेल तर राहू द्या.