नाव वाचवायचंय? आधी नाव कमवा

तुमच्या नावानं, तुमचाच लग्नातला फेटेवाला फोटो लावून कुणी सोशल मीडियावर दुसरं खातं उघडलं असेल, तर घाबरू नका. कायदा तुमच्या पाठीशी आहे. फक्त त्याच्या दारात जाण्याआधी एक किरकोळ काम उरकून घ्या. प्रसिद्ध व्हा.

अमिताभ बच्चन यांचं नाव आणि फोटो वापरून लॉटरीचे बनावट मेसेज फिरत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यांचं नाव, चेहरा, आवाज विनापरवाना वापरायला मनाई झाली. पुढच्या वर्षी अनिल कपूर गेले, तर नावाबरोबर त्यांच्या ‘झकास’लाही संरक्षण मिळालं. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांनी ‘भिडू’वर हक्क सांगितला. मुंबईतल्या चाळींमध्ये पोरं वर्षानुवर्षं एकमेकांना भिडू म्हणत आली, पण वकील करायचं त्यातल्या एकालाही सुचलं नाही. आळस, दुसरं काय! आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेनं नक्कल होऊ लागली, तेव्हा २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीही रोखली.

रास्तच आहे हे सगळं. गंमत एवढीच, की आपल्या नावा-चेहऱ्यावरच्या या हक्कासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. घटनेतलं जगण्याच्या हक्काचं कलम २१, थोडा ट्रेडमार्क, थोडा कॉपीराइट, असं ठिगळाला ठिगळ जोडून न्यायालयांनी ही गोधडी शिवली. ती अंगावर घ्यायची तर तुमच्या नावाला बाजारात भाव हवा. तुमच्या नावाला सोसायटीच्या मीटिंगमध्येही भाव नसेल, तर तो दोष न्यायालयाचा नाही.

वेबसाइटचा पत्ताही याच चालीनं मिळवा. अरुण जेटली यांच्या नावाचं डोमेन भलत्यानंच घेऊन ठेवलं होतं. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना मिळवून दिलं. नावच तेवढं ओळखीचं होतं. मात्र नुसती कीर्तीही पुरत नाही बरं का. स्टिंग हा गायक जगभर गाजलेला, तरी २००० साली तो आपल्या नावाच्या डोमेनचा दावा हरला. एक कारण असं, की स्टिंग हा इंग्रजीतला साधा शब्द आहे. तेव्हा आडनाव पाटील किंवा जाधव असेल आणि तालुक्यात तुमच्याच नावाचे आणखी सहा जण असतील, तर प्रसिद्ध होण्याआधी राजपत्रात नाव बदलून घ्या. जरा अवघड निवडा.

प्रसिद्ध व्हायला सवड नसेल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच. कलम ६६-सी, दुसऱ्याची ओळख चोरणं. ६६-डी, तोतयेगिरी करून फसवणं. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. ६६-सी मध्ये पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही आणि ‘एकमेव ओळख’ पटवणाऱ्या खुणेचा उल्लेख आहे. त्या सहा जणांना एकदा विचारून या, तुमचं नाव एकमेव आहे का.

माझ्याबाबतीत हे सगळं रीतसर घडलं. तोतयानं कोल्हापूरच्या आतेभावाकडे पंधरा हजार मागितले. भावाचा मला फोन: “‘आप कैसे हैं’ म्हणालास तिथंच ओळखलं की हा तू न्हाईस. तू कधी मला आप म्हणणार!” मावशीनं मात्र दोन हजार पाठवले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात, पण मावशीनं मला सांगितलं चौथ्या दिवशी, तेही भाजीचा विषय संपल्यावर.

मी पोलिसांकडे तक्रार घेऊन गेलो. “पैसे तुमचे गेले का?” नाही. “मग ज्यांचे गेले त्यांना आणा.” मावशी नाशकात. ती म्हणाली, “जाऊ दे रे, दोन हजारांसाठी या वयात चौकीची पायरी कशाला?” म्हणजे पैसे गेले तिची तक्रार नाही आणि नाव गेलं त्याचं नुकसान नाही. फाइल किती सुटसुटीत होते बघा.

खातं बंद करायला कंपनीला कळवलं. तोतयेगिरीची तक्रार आल्यावर २४ तासांत कारवाई करा, असं २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत लिहिलं होतं. कंपनी त्याहून तत्पर निघाली. चाळीस मिनिटांत उत्तर: या खात्यानं आमच्या नियमांचा भंग केलेला नाही. शंका असल्यास आपण आपणच आहात याचा पुरावा जोडा. त्याच्याकडे कुणी पुरावा मागितला नव्हता. मी आधार जोडलं. आधारवर माझ्या नावातली वेलांटी पहिली, खात्यावर दुसरी. अर्ज नामंजूर. तोतयानं नाव बरोबर लिहिलं होतं.

आता त्याच्या खात्यावर माझ्यापेक्षा एकशेबारा मित्र जास्त आहेत. मीही त्याची रिक्वेस्ट स्वीकारली. नजर ठेवता येते. परवा सकाळी मेव्हणीचा फोन आला.

“दाजी, बारा वर्षांत पहिल्यांदा माझा वाढदिवस लक्षात ठेवलात. कवितासुद्धा केलीत!”

बायको समोरच बसली होती. मी म्हटलं, “आवडली ना?”